तळघरात पाणी येतंय? आधी ते कुठे मुरतंय ते शोधा

पुण्यात तळघर असलेली स्वतंत्र घरं साधारण दोन प्रकारची. एक, जुने बंगले: काळ्या दगडाच्या भिंती, जोत्यात छोटे झरोके आणि आत दोन पिढ्यांची अडगळ. दुसरी, बावधन, बाणेर, कोंढवा अशा उताराच्या जागांवरची रो-हाऊसेस. पुढून बघितलं तर तळमजला, मागून बघितलं तर डोंगरात रुतलेली खोली. आमचं घर दुसऱ्या प्रकारचं, बावधनला. तळघरातलं पाणी बंद व्हायला एकापेक्षा जास्त पावसाळे गेले. दुरुस्ती त्या मानाने लवकर झाली. पाणी येतं कुठून हे ठरवण्यातच बराचसा काळ गेला.

ओल दिसली की आपण वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतो. तो भिंत बघतो, कारण त्याचा धंदा भिंतीचा. पाण्याची सुरुवात मात्र बऱ्याचदा भिंतीपासून लांब असते: गच्चीच्या पाइपात, अंगणाच्या उलट्या उतारात, शेजारच्या बागेत. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा. शोध भर पावसाळ्यात, जमिनीवरची किरकोळ कामं लगेच, आणि भिंतीला हात लावायचा तो जानेवारी ते मे या काळात. पावसाळ्यात घाईने भिंत बुजवली तर पाणी दोन फूट पलीकडून वाट काढतं आणि मूळ जागा मात्र कायमची झाकली जाते.

१. पाण्यात पाय घालण्याआधी

तळघरात पाणी साचलं असेल तर खाली उतरू नका. आधी वरूनच तळघराचा एमसीबी (बोर्डातला वीज तोडणारा स्विच) पाडा. इन्व्हर्टर, जुना फ्रीज, एक्स्टेन्शन बोर्ड या गोष्टी आपण हटकून तळघरातच ठेवतो. मुख्य बोर्डच खाली असेल आणि पाणी त्याच्या जवळ पोचलं असेल, तर स्वतः काही करू नका. इलेक्ट्रिशियन किंवा महावितरणचा माणूस येईपर्यंत थांबा.

पेट्रोलवर चालणारा पंप भाड्याने आणला तर तो बाहेर अंगणात ठेवायचा, आत फक्त पाईप सोडायचा. बंद तळघरात त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला कळायच्या आत बेशुद्ध करतो. आणि पाणी कंबरभर असेल तर ते एका दमात उपसू नका. बाहेरच्या मातीतही पाणी भरलेलं असतं. आतलं पाणी एकदम गेलं की बाहेरचा सगळा दाब भिंतीवर येतो. जुन्या दगडी किंवा विटांच्या भिंतीला हे झेपेलच असं नाही. रोज थोडं थोडं उतरवा.

२. हाताशी काय हवं

कागदपत्रं आधी, कारण ती मिळायला वेळ लागतो.

- महापालिकेने मंजूर केलेला नकाशा आणि आरसीसी ड्रॉइंग. तळघराची भिंत काँक्रीटची आहे की दगड-विटांची, खाली राफ्ट (पूर्ण तळाखालची सळयांची जाड काँक्रीट पाटी) आहे की साधा कोबा, हे त्यावरून कळतं. पुढची सगळी दुरुस्ती या दोन उत्तरांवर ठरते.
- ड्रेनेजचा नकाशा. नसेल तर चेंबरची झाकणं उघडून, कुठला पाईप कुठे जातो हे बघून हाताने काढा.
- ताबापत्र आणि करारनामा.
- रो-हाऊस सोसायटीत असेल तर खोदाईसाठी सोसायटीची लेखी परवानगी.

ताबापत्राचं एवढं महत्त्व का, तर रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. तुमचा काळ अजून या मुदतीत असेल तर छिन्नीला हात लावण्याआधी फोटो, व्हिडिओ काढा, स्पीड पोस्टाने पत्र पाठवा आणि ईमेलही करा. आधी स्वतः तोडफोड केली तर ‘दोष तुमच्या दुरुस्तीमुळे झाला’ हे उत्तर तयार असतं.

हत्यारं साधीच: चांगली बॅटरी, पेन्सिल, अॅल्युमिनियम फॉइल, रुंद चिकटपट्टी, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा), गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी, बागेचा पाईप, आणि एक वही. वही मोबाइलपेक्षा बरी, कारण घरातल्या सगळ्यांना तिच्यात लिहिता येतं.

३. पाऊस आणि पाणी यांचं वेळापत्रक मांडा

ही पायरी फुकट आहे आणि सगळ्यांत जास्त सांगून जाते. लोक नेमकी हीच टाळतात.

रोज तीन गोष्टी लिहा: पाऊस कधी सुरू झाला आणि कधी थांबला, तळघरात पाणी पहिल्यांदा कधी दिसलं, ते कधी आटलं. पावसाचा आकडा हवा असेल तर हवामान खात्याच्या शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव या केंद्रांच्या नोंदी रोज येतात. त्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांच्या असतात हे लक्षात ठेवा. आपल्या अंगणात सरळ भिंतींचं पातेलं उघड्यावर ठेवून पट्टीने मोजलं तरी चालतं. पुण्यात डेक्कनला धो धो आणि बावधनला कोरडं हे नेहमीचंच. भिंतीवरच्या ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. आठवड्याने ओल चढली की उतरली हा वाद उरत नाही.

आता या नोंदी कशा वाचायच्या?

मे महिन्यातला वळवाचा पाऊस तासभर कोसळला आणि त्याच तासात तळघरात पाणी आलं, तर ते जमिनीवरून थेट येतंय. गच्चीचा पाईप, रॅम्प, झरोका, भिंतीलगतचा खड्डा, यांपैकी काहीतरी. अशी गळती शोधायला सोपी आणि दुरुस्तीला स्वस्त.

वळवाच्या पावसात काहीच नाही, जूनही कोरडा गेला, पण जुलैत आठवडाभर संततधार लागली की तळातून पाणी यायला लागतं आणि पाऊस थांबल्यावरही दिवसेंदिवस येत राहतं, तर ते जमिनीतलं पाणी आहे. पुण्याची जमीन म्हणजे वर थोडी माती, खाली मुरूम आणि त्याखाली बेसॉल्टचा काळा कातळ. पाणी मुरमातून उतरतं, कातळाला अडतं आणि त्याच्या भेगांमधून, उताराच्या दिशेने आडवं सरकतं. डोंगरावर पडलेलं पाणी तुमच्या भिंतीपर्यंत यायला वेळ लागतो, तसंच ते संपायलाही. परतीच्या पावसानंतर अगदी दिवाळीपर्यंत पाझर चालू राहिलेली घरं मी बघितली आहेत.

कातळ फोडून केलेल्या तळघरांची आणखी एक गंमत असते. खड्डा तळघरापेक्षा मोठा खणलेला असतो. भिंत बांधून झाली की भिंत आणि कातळ यांच्यामधली फट राडारोड्याने भरतात. पाऊस पडला की सगळं पाणी त्या भुसभुशीत फटीत उतरतं आणि बाहेर पडायला जागा नसते. तळघर अक्षरशः विहिरीत उभं असल्यासारखं होतं.

तिसरा प्रकार, पावसाशी न जुळणारा. त्याचं पुढे बघू.

ओढ्याकाठच्या घरांसाठी मात्र हा लेख अपुरा आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा सहकारनगर, अरण्येश्वर भागात पाणी घराघरांत शिरलं. तसं पाणी भिंतीतून झिरपत नाही, दारातून येतं. तिथे रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा, झरोक्यांची उंची आणि सामान वेळेत वर नेणं, एवढंच हातात असतं. वॉटरप्रूफिंगवर पैसे घालू नका.

४. पावसाशी संबंध नसलेली कारणं बाद करा

भिंतीला सुटलेला घाम. पावसाळ्यातली दमट हवा थंड भिंतीला लागली की पाणी धरते. फॉइलचा वीतभर तुकडा ओल्या जागेवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. भिंत इतकी ओली असेल की पट्टी चिकटतच नाही, तर आधी ड्रायरने वरवर कोरडी करा. एक-दोन दिवसांनी बघा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर घाम, फॉइलच्या मागे असतील तर पाझर. दोन्हीकडे असतील तर दोन्ही, आणि तेही होतं. घामासाठी पावसाळ्यात दिवसभर झरोके उघडे ठेवणं उलटं पडतं. दमट हवा आणखी आत येते.

नळाचं पाणी. महापालिकेचं पाणी तुमच्याकडे ठराविक वेळेला येत असेल तर निदान सोपं होतं. पाणी सुटल्यावर ओल वाढते का? दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवतात, बहुधा गुरुवारी, त्या दिवशी ती घटते का? मीटर असेल तर घरातले सगळे नळ आणि टाकीचा कॉक बंद करून काटा फिरतो का ते बघा.

जमिनीखालची टाकी. ही माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित संशयित. पुष्कळ घरांत ती तळघराच्या भिंतीला लागूनच असते. टाकी भरा, येणारं पाणी आणि पंप दोन्ही बंद करा, आतल्या भिंतीवर पातळीची खूण करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. दोन मीटर बाय दोन मीटरच्या टाकीत पातळी एक सेंटीमीटर उतरली तरी ४० लिटर पाणी गेलेलं असतं. झाकलेल्या टाकीतून तेवढं उडून जात नाही.

ड्रेनेज. वास हा पहिला पुरावा, पण मातीतून गाळून आलेल्या पाण्याला वास नसतोही. चेंबरमध्ये खाण्याचा गडद रंग बादलीभर पाण्यात कालवून ओता, मागोमाग आणखी पाणी सोडा आणि तळघरात एक-दोन दिवस लक्ष ठेवा. रंग दिसला तर निकाल लागला. दिसला नाही तर मात्र ड्रेनेज निर्दोष ठरत नाही. माती रंग शोषून घेते.

याच ठिकाणी टीडीएस मीटर कामाला येतो. तीन वाट्या घ्या: नळाचं पाणी, बोअरचं किंवा शेजारच्या विहिरीचं पाणी, आणि तळघरातलं. खडकवासल्याहून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस कमी असतो, बोअरचा बराच जास्त. तळघरातला आकडा कोणाच्या जवळ जातो ते बघा. फरशीवर साचलेलं पाणी घेऊ नका, कारण त्यात सिमेंटचे आणि भिंतीचे क्षार उतरलेले असतात. भिंतीतून पाझरणारं ताजं पाणी वाटीत धरा. ग्रामपंचायतीत करतात ती क्लोरीनची ओटी टेस्टही करता येते. पाणी पिवळं झालं तर ते नळाचं. पिवळं झालं नाही तर त्यावरून काहीच ठरवू नका, कारण मातीतून येताना क्लोरीन उडून जातो.

मुठा उजव्या कालव्याच्या जवळ राहत असाल तर वहीत आणखी एक रकाना वाढवा: कालव्याला पाणी कधी सुटलं. उन्हाळी आवर्तन सुरू असताना, ऐन एप्रिलमध्ये ओल आली तर पावसाला दोष देण्यात अर्थ नाही.

५. भर पावसात घराला फेरी मारा

छत्री घ्या आणि पाऊस जोरात असताना बाहेर पडा. पाऊस थांबल्यावरची फेरी निरुपयोगी. पाणी वाहताना दिसायला हवं.

गच्चीचे डाऊनटेक पाईप कुठे संपतात? हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी होतं. ते दोन-तीन पाइपांतून खाली येतं. यांतला एक जरी पाईप भिंतीच्या बुडाशी मोकळा सुटला असेल, तर अर्धी टाकी पाणी तुम्ही स्वतःच तळघराच्या भिंतीवर ओतताय. पाईप जमिनीखाली जात असेल तर तो पुढे चेंबरमध्ये खरोखर निघतो का, ते गच्चीवरून पाणी सोडून तपासा. निखळलेला सांधा वरून दिसत नाही.

अंगणाचा उतार कुठे आहे? डोळ्यावर विश्वास ठेवू नका, लेव्हल नळी लावा. घरापासून पहिल्या दहा फुटांत साधारण सहा इंच उतार बाहेरच्या बाजूला हवा. नवी पेव्हर ब्लॉक किंवा टाइल्स बसवताना हा उतार बिनदिक्कत उलटा होतो, कारण ठेकेदाराला फाटकाशी लेव्हल जुळवायची असते.

भिंतीलगत कुंड्यांची रांग, वाफे, तुळशी वृंदावनाचा ओटा, काढून टाकलेल्या झाडाचा खड्डा आहे का? रॅम्पच्या तळाशी जाळीची पन्हळ आहे का, आणि असली तर तिच्यात गेल्या वर्षीची पानं आहेत का? झरोक्याची कड अंगणाच्या पातळीच्या वर आहे का?

आणि शोषखड्डा. यावर जरा थांबतो, कारण आमच्या घराचा मुख्य रोग इथेच निघाला. पावसाचं पाणी जिरवण्याची व्यवस्था केली की महापालिका मिळकतकरात सवलत देते, नव्या बांधकामांना ती करावीही लागते. चांगलीच गोष्ट आहे. पण प्लॉट लहान, आणि नकाशावर खड्डा दाखवायचा म्हणून तो जिथे जागा उरली तिथे खणतात. आमच्याकडे बिल्डरने तो तळघराच्या भिंतीपासून हातभर अंतरावर केला होता, आणि अख्ख्या गच्चीचं पाणी त्यात जोडलं होतं. खड्डा उत्तम काम करत होता. त्यातलं पाणी जिरत होतं आणि आमच्या भिंतीतून बाहेर येत होतं.

खड्ड्यावर संशय असेल तर गच्चीचे पाईप त्यापासून तात्पुरते तोडा आणि लवचिक पाइपाने पाणी थेट पावसाळी गटाराकडे न्या. पाच-सहा पावसांत फरक पडला तर कारण सापडलं. मग खड्डा बुजवायची गरज नाही. प्लॉटच्या खालच्या बाजूला, भिंतीपासून शक्य तितका लांब नवा खड्डा घ्या, किंवा बोअर असेल तर गाळणी लावून पाणी बोअरमध्ये सोडा. तो खड्डा शेजाऱ्याच्या तळघराच्या वर येणार नाही हेही बघा.

६. आतून नेमकी जागा शोधा

ओल जिथे दिसते तिथे पाणी शिरतंच असं नाही. प्लास्टरच्या मागून ते आडवं पसरतं. म्हणून संशयित पट्ट्यातलं प्लास्टर छिन्नीने काढून काँक्रीट किंवा दगड उघडा करा. आधी तिथलं फर्निचर हलवा, प्लायवूडचं पॅनेलिंग असेल तर ते काढा. त्याच्यामागे काय वाढलंय ते बघून पॅनेलिंग परत लावायची इच्छा राहत नाही.

नेहमीच्या जागा अशा: भिंत आणि फरशी यांचा सांधा, काँक्रीट दोन दिवशी ओतलं तिथली आडवी रेघ, शटरिंगचे बोल्ट काढून राहिलेली भोकं, खडी उघडी पडलेले पोकळ भाग, ज्यांना गवंडी हनीकोम्ब म्हणतात, भिंतीतून आत येणारे पाईप आणि केबल. पांढरा खार फुटलेली जागा म्हणजे तिथून पाणी वारंवार येतं आणि सुकतं.

पावसाळा संपल्यावर खात्री करायची असेल तर बागेच्या पाइपाने बाहेरून पाणी सोडा. एका वेळी एकच जागा, आणि सुरुवात खालून. आधी अंगण, मग भिंतीचा खालचा भाग, मग झरोका, मग पाईप. दर जागेला तासभर तरी द्या. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर हाती एवढंच लागतं की घर गळतं, आणि ते आधीच माहीत असतं.

७. दुरुस्तीची सुरुवात जमिनीवरून

पाचव्या पायरीत जे सापडलं ते सगळं आधी दुरुस्त करा: डाऊनटेक पाईप पुढे न्या, उतार सुधारा, वाफे भिंतीपासून हलवा, पन्हळ साफ करा, भिंतीलगत तीन-चार फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा बाहेरच्या उताराने घाला. पट्टा आणि भिंत यांच्या सांध्यात सीलंट भरायला विसरू नका, नाहीतर नवी फट म्हणजे नवी पन्हळ. मग निदान दोन-तीन मोठे पाऊस जाऊ द्या. पुष्कळ घरांचं काम इथेच संपतं आणि भिंतीचा खर्च वाचतो. वॉटरप्रूफिंगवाले हे सांगत नाहीत, कारण यात त्यांना करण्यासारखं काही नसतं.

एखाद्या झाडाची मुळं भिंतीत किंवा पाइपात शिरली असतील तर झाड परस्पर तोडू नका. खाजगी आवारातल्या झाडालाही १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

८. भिंतीची दुरुस्ती, आतून

आधी एक हिशोब. भिंतीबाहेर दोन मीटर उंचीचं पाणी उभं असेल तर तिच्या बुडाशी दर चौरस मीटरला सुमारे दोन टन दाब असतो, आणि तो आतल्या बाजूला ढकलतो. आतून मारलेला कुठलाही रंग, पुट्टी किंवा रबरी कोट हा दाब फार काळ धरत नाही. तो फुगतो, पोपडे निघतात. ‘केमिकल मारून देतो, दहा वर्षं बघायला नको’ असं म्हणणाऱ्याला हा हिशोब विचारा.

आतून टिकणारे उपाय ते, जे काँक्रीटच्या आत जातात.

पाणी जोरात येणारी भोकं आधी चटकन सेट होणाऱ्या सिमेंटने बंद करतात. भोक नुसतं थापीने लिंपून उपयोग नाही. ते आत रुंद होईल असं कोरायचं, म्हणजे बूच दाबाने बाहेर येत नाही. मसाला दोन-तीन मिनिटांत घट्ट होतो. तो हातात गरम होऊ लागला की दाबून धरायचा. हातमोजे घाला.

भेगांसाठी पीयू ग्राउटिंग, म्हणजे पॉलियुरेथेन हे रसायन दाबाने आत भरणं. भेगेच्या दोन्ही बाजूंनी आलटून पालटून, तिरकी ४५ अंशात भोकं पाडतात. ती भिंतीच्या साधारण मध्यावर भेगेला जाऊन भिडली पाहिजेत. अंतर १५ ते २० सेंटीमीटर. प्रत्येकात नोझल बसवतात आणि खालच्या नोझलपासून वर पंप करत जातात. पीयू पाण्याशी भिडलं की फेसासारखं फुगून भेग भरतं, त्यामुळे भेग ओली असली तरी चालतं. एपॉक्सी वेगळं: ते कोरड्या भेगेत, काँक्रीट परत जोडण्यासाठी. ठेकेदार ओल्या भेगेत एपॉक्सी भरायला निघाला तर त्याला थांबवा. भेग पाच-सहा मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, तिरकी असेल किंवा वाढत असेल तर ग्राउटिंगच्याही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर.

त्यानंतर उघड्या, ओल्या केलेल्या काँक्रीटवर क्रिस्टलाइन कोटिंग. हे काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून स्फटिक तयार करतं, म्हणून आतल्या बाजूने लावलं तरी काम करतं. प्लास्टरवर, रंगावर किंवा विटेवर लावून उपयोग नाही. भिंत-फरशीच्या सांध्याला गोल वाटा (कोपऱ्यात मसाल्याची गोलाई) करून घ्या आणि तो नीट घोटून घ्या.

जुन्या दगडी भिंतींना यातलं बरंचसं लागू नाही. दगडांच्या मधल्या पोकळ्या मोठ्या असतात, पीयू ओतत राहाल आणि पैसे मुरत राहतील. तिथे हलक्या दाबाने पातळ सिमेंट ग्राउट भरतात आणि सांधे पुन्हा भरून घेतात. मोकळेपणाने सांगायचं तर दगडी तळघर शंभर टक्के कोरडं करण्याच्या मागे न लागता बाहेरचं पाणी वळवून ओल सुसह्य करणं जास्त शहाणपणाचं.

९. बाहेरून खोदाई

सगळ्यांत खात्रीचा आणि सगळ्यांत महाग उपाय. भिंतीबाहेर पायापर्यंत खोदायचं, भिंत साफ करायची, वॉटरप्रूफिंगचा थर द्यायचा, त्यावर संरक्षण, आणि बुडाशी खडीत बसवलेला छिद्रांचा पाईप. पुण्यात बॉक्स पद्धत जुनी आणि भरवशाची आहे: शहाबादी फरश्या मसाल्यात बसवून भिंतीभोवती कवच करतात. आता मेंब्रेनही (पाणी न झिरपणारा पातळ पडदा) वापरतात. थर कुठलाही असो, मला विचाराल तर अर्धं काम तो बुडाचा पाईप करतो. पाणी साचायला जागाच राहिली नाही की भिंतीवर दाब येत नाही. उताराच्या प्लॉटवर हा पाईप पंपाशिवाय, आपल्या वजनाने खालच्या बाजूला मोकळा करता येतो. खडीभोवती जिओटेक्स्टाइल कापड गुंडाळा, नाहीतर काही वर्षांत मातीने गच्च होईल. परत भरताना राडारोडा नको, मुरूम थराथराने दाबून घ्या.

धोका इथे खरा आहे. पाच फुटांपेक्षा खोल चर आधाराशिवाय उघडा ठेवू नका. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी कडक दिसते, पण एका वळवाच्या पावसात चर ढासळतो आणि माणूस गाडला जातो. अख्खी भिंत एकदम उघडी करू नका, तुकड्यातुकड्याने करा. शेजाऱ्याची कंपाउंड भिंत जवळ असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा आणि शेजाऱ्याशी बोला. फुटपाथ किंवा रस्ता खणावा लागत असेल तर महापालिकेची परवानगी वेगळी.

१०. पाणी थांबतच नसेल तर

काही घरं अशा जागी असतात की जमिनीतलं पाणी जुलै ते ऑक्टोबर फरशीच्या वरच्या पातळीला असतं. तिथे पाण्याशी भांडण्यापेक्षा त्याला जागा द्यावी. आतून भिंतीच्या बुडाशी बारीक पन्हळ, एका कोपऱ्यात खड्डा, त्यात फ्लोट स्विचचा, म्हणजे पाणी चढलं की आपोआप चालू होणारा, सबमर्सिबल पंप. राफ्ट असेल तर ती इंजिनिअरला विचारल्याशिवाय फोडू नका. खालून दाबाखालचं पाणी उसळतं आणि सळया कापल्या जातात.

पंप किती मोठा हवा ते अंदाजाने ठरवू नका. जोराच्या पावसात तळघरात पाणी तासाला किती चढतं ते मोजा. २० चौरस मीटरच्या खोलीत तासाला एक सेंटीमीटर म्हणजे २०० लिटर. पंप इन्व्हर्टरवर घ्या, कारण पाऊस आणि लाइट जाणं एकाच वेळी होतं. पाणी पावसाळी गटारात सोडा, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये नाही. पाइपाला पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा. तळघरात बाथरूम असेल तर त्याच्या ड्रेनेजलाही असा व्हॉल्व्ह बसवा. रस्त्यातली ड्रेनेज लाइन तुंबली की घाण उलटी तिथूनच वर येते.

११. ठेकेदाराशी बोलताना

निदान तुमच्या वहीत असेल तर बोलणी वेगळी होतात. त्याला विचारा: पाणी कुठून येतंय असं तुम्हाला वाटतं आणि कशावरून? जो न बघता फोनवर दर सांगतो त्याला सोडा. अंदाजपत्रकात मालाचं नाव, नोझलची संख्या, कोटिंगचे किती हात, प्लास्टर कोण काढणार आणि राडारोडा कोण उचलणार, हे लिहून घ्या. पीयूचा दर किलोवर असेल तर डबे तुमच्यासमोर उघडले गेले पाहिजेत. गॅरंटीच्या कागदात मजुरी धरली आहे का ते वाचा. पुष्कळदा गॅरंटी फक्त मालाची असते. शेवटचा हप्ता एक पावसाळा संपल्यावर देण्याचं आधीच ठरवा. याला नाही म्हणणारे बरेच भेटतील. हो म्हणणारा एखादा सापडला की काम त्याला द्या, दर थोडा जास्त असला तरी.

१२. प्लास्टर आणि रंग

काम झालं की घरातल्यांना तळघर लगेच सजवायचं असतं. भिंत एक पूर्ण पावसाळा उघडी ठेवा, म्हणजे राहिलेली गळती दिसेल आणि परत ग्राउट करता येईल. नंतर सिमेंटचं प्लास्टर आणि हवा जाऊ देणारा रंग. पीओपी, जिप्सम आणि वॉलपेपर तळघरात नकोतच. लाकडी कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा आणि त्यांना लोखंडी पाय लावा. दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात पन्हळ आणि डाऊनटेकच्या जाळ्या साफ करा, फ्लोट स्विच हाताने उचलून पंप चालतो का बघा, आणि वहीत नवं पान काढून ठेवा.